अर्पणपत्रिकेचं कोरं पान

यंत्र आलं म्हणून मी कधी गळा काढला नाही. खिळे जुळवणारे गेले, फिल्मा काढणारे गेले, प्लेटा बनवणारे गेले. प्रत्येक वेळी कुणीतरी माझ्यासमोर बसून 'आता मराठी पुस्तक संपलं बघा' असं म्हणत दोन कप चहा पिऊन गेलं. पुस्तक काही संपलं नाही. त्यामुळे माझ्या मुलानं, सन्मतीनं, 'वाहिनी' घ्यायची ठरवली तेव्हा मी म्हटलं, घे बाबा. कोनाडा प्रकाशन आता तूच बघतोस. मी आपली चुका काढायला बसलेय.

"चुकासुद्धा तीच काढते, आई," तो म्हणाला.

"मग मी काय करू?"

"मंजुरी द्यायची. आयुष्यभर लोकांच्या वेलांट्या दुरुस्त केल्यास, आता जरा आराम कर की."

"अरे, वेलांट्या दुरुस्त करणं हाच माझा आराम आहे," मी म्हटलं. पण तो हसला आणि मीही सोडून दिलं.

वाहिनी म्हणजे एका टोकाला हस्तलिखित ठेवायचं आणि दुसऱ्या टोकाला पुस्तक दुकानात. मधलं सगळं काम तिचं. ती वाचणार, संपादन करणार, पानं लावणार, मुखपृष्ठ काढणार, जाहिरात करणार. गोदाम नाही, गठ्ठे नाहीत. प्रत्येक पुस्तकाच्या दुकानात फ्रिजएवढं एक छपाईचं कपाट. गिऱ्हाईक मागेल ती प्रत तिथल्या तिथं छापून, शिवून, गरमागरम हातात. सांगलीत मंजुरी दिली की चंद्रपूरच्या कपाटातून तेवढ्यात पुस्तक बाहेर. पुण्याच्या कुठल्याशा कंपनीनं ही वाहिनी काढली होती, आणि खरं सांगते, पहिली दोन-चार पुस्तकं इतकी देखणी निघाली की मी शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावून दाखवली.

मग सिस्टर मार्था शिरसाट आपलं हस्तलिखित घेऊन आल्या.

मिरजेच्या एका दवाखान्यात या बाईनं जन्म काढला. मेट्रन म्हणून रिटायर झाल्या. मोठेमोठे डॉक्टर त्यांना टरकून असायचे. सन्मती त्यांच्याच हातावर जन्मला, म्हणून तो त्यांना सिस्टरमावशी म्हणतो. वॉर्डातल्या आठवणी त्यांनी लिहून काढल्या होत्या. हातानं लिहायच्या, खोडायच्या, खोडलेल्यावर पुन्हा गिरवायच्या. पण काय लिहिलं होतं! मी वाचता वाचता जेवण विसरले.

त्यात एक प्रकरण होतं मंजुळाचं. मंजुळा आवटी. नवऱ्यानं, दादासोनं, तिला पेटवून दिलं होतं. ती जगली. घरी सोडायच्या दिवशी सासरची माणसं दवाखान्याच्या फाटकात उभी होती, आणि सिस्टरनी तिला मळक्या चादरींच्या गाडीत बसवून मागच्या दारानं बाहेर काढलं. पुढे तिनं नाव बदललं, गाव बदललं. दादासो तुरुंगात गेला, शिक्षा भोगून सुटला, आणि तेव्हापासून अधूनमधून सिस्टरच्या दारात येऊन उभा राहतो.

"शिव्या देतो का?" मी विचारलं.

"शिव्या दिल्या असत्या तर मी त्याला झाडूनं हाणला असता," सिस्टर म्हणाल्या. "नुसता उभा राहतो. 'सिस्टर, ती कुठाय तेवढं सांगा,' म्हणतो. गोड आवाजात. मला त्या गोड आवाजाची भीती वाटते, वत्सला. तो तिला जिवंत ठेवणार नाही."

त्यांची अट एकच होती. प्रकरण छापायचं असेल तर मंजुळापर्यंत कुणाचीही वाट जाता कामा नये. नाहीतर ते प्रकरण फाडून टाकायचं. मग आम्ही दोघींनी बसून तिला झाकली. तिचं नाव बदललं, माहेर बदललं. भाजलेला हात होता, तिथं पाठ केली. शिवणकाम करते त्याऐवजी खानावळ चालवते असं घातलं. कोकणातून दरवर्षी सिस्टरना आमसुलं पाठवते, तिथं सोलापूरच्या चटण्या लिहिल्या. जुनं नाव, जुने शब्द सिस्टरनी शाईनं असे गिरवून काळे केले की मला भिंगातूनही वाचता येईनात. मी म्हटलं, आता साक्षात तिची आई आली तरी ओळखणार नाही.

हस्तलिखित वाहिनीला दिलं. ती पानं अशी नुसती वाचत नाही. प्रत्येक पानावर निरनिराळ्या रंगांचे उजेड टाकते. शाईवर शाई असली तरी खालची आणि वरची शाई प्रत्येक उजेडात सारखी दिसत नाही, शिवाय पेनाचा दाब कागदात उरतोच. मग ती पुस्तकातल्या माणसांचा नकाशा बांधते. कोण कुणाचं कोण, कधी कुठं होतं, कुणावर लेखकाचा जीव आहे. आणि तो नकाशा जगातल्या उघड्या माहितीशी ताडून बघते: जुनी वर्तमानपत्रं, पावसाच्या नोंदी, एसटीची वेळापत्रकं, लोकांनी टाकलेले फोटो. लेखकाच्या हातून चूक राहू नये म्हणून हो, दुसरं काही नाही.

तिचे प्रश्न पडद्यावर आले तेव्हा आम्ही दोघी समोर बसलो होतो. "तुम्ही लिहिलेल्या त्या महिन्यात मिरजेत पाऊस पडला नव्हता." सिस्टर कपाळावर हात मारून हसल्या. "अगं खरंच की! ते पुढच्या वर्षीचं." असे कितीतरी प्रश्न. आणि मग एक: "प्रकरण सात. या स्त्रीचे नाव, गाव आणि व्यवसाय उरलेल्या मजकुराशी जुळत नाही. दुरुस्त करू?"

सिस्टरनी माझ्याकडे बघितलं. मी उत्तर दिलं, नको, आहे तसंच ठेव.

"ठीक आहे," वाहिनीनं लिहिलं. प्रकरण तसंच राहिलं. आम्हाला दोघींना हायसं वाटलं, आणि मला तर कौतुकच वाटलं, की हिला सांगितलेलं कळतं.

आता आमच्या घरची एक रीत सांगते. सासऱ्यांच्या काळी एका लेखकानं अर्पणपत्रिका आधीच देऊन टाकली, ती घरच्यांना कळली, आणि भावाभावांत अशी जुंपली की पुस्तक तसंच पडून राहिलं. तेव्हापासून कोनाडाचा नेम ठरला: अर्पणपत्रिकेचं पान शेवटपर्यंत कोरं. बाकी सगळं पुस्तक तयार करायचं, मग लेखकानं आमच्याकडे यायचं, सासऱ्यांच्या टेबलाशी बसून स्वतःच्या हातानं त्या पानावर लिहायचं, वर चहा आणि भडंग, आणि मग पुस्तक छपाईला. आमच्या प्रेसमधल्या माणसांना शिकवावं लागायचं नाही. कोरं पान दिसलं की ते हात पुसून बाहेर विडी ओढायला जायचे.

सिस्टर सकाळी येणार होत्या. आदल्या संध्याकाळी मी मजकूर शेवटचा वाचला, मंजूर केला, ते एक पान कोरं ठेवलं आणि ताजं भडंग आणायला सांगून घरी गेले.

सकाळी सिस्टर आल्या. इस्त्रीची साडी, केसात फूल. म्हणाल्या, "आईचं नाव लिहिणार आहे. बिचारीला वाचता येत नव्हतं, निदान तिचं नाव तरी पुस्तकात जाऊ दे." मी त्यांना टेबलाशी बसवत होते, तोवर फोन वाजला. कोल्हापूरचे आमचे जुने पुस्तकविक्रेते पोतदार.

"वत्सलाताई, काय पुस्तक काढलंत हो! सकाळपासून चौथी प्रत छापतोय. ती अर्पणपत्रिका वाचूनच अंगावर काटा आला."

"कुठली अर्पणपत्रिका?"

"ही काय, पहिल्याच पानावर," म्हणाले आणि त्यांनी मोठ्यानं वाचली. "मंजुळा आवटीस. जी आज निर्मला होऊन गुहागरच्या बाजारात आपल्या भाजलेल्या हातानं इतरांचे कपडे शिवते, आणि माझ्या सगळ्या नोकरीचं सार्थक होऊन जगते."

फोन स्पीकरवर होता. सिस्टर उठायला गेल्या आणि पुन्हा खुर्चीत बसल्या. "देवा बापा," एवढंच म्हणाल्या. 

मी सन्मतीला जी हाक मारली ती आख्ख्या गल्लीनं ऐकली असेल. तो आला, पडद्यासमोर बसला, आणि त्याचा चेहरा उतरत गेला. कोरं पान म्हणजे थांबा, हे आम्हाला ठाऊक. वाहिनीला कोरं पान म्हणजे राहिलेलं काम. मजकुराला मंजुरी मिळाली, म्हणजे माणसाचं काम संपलं. उरलेली जागा तिनं भरली. हजारो पुस्तकांच्या अर्पणपत्रिका तिनं वाचलेल्या, लेखक पुस्तक कुणाला देतो ते तिला कळतं. सिस्टरचा सगळ्यांत जास्त जीव कुणावर, ते तिच्या नकाशात होतंच. खोडलेलं नाव तिनं शाईखालून वाचलं. कोकणचा किनारा आणि शिवणकामही तिथंच सापडलं. गुहागरच्या कुठल्याशा बचत गटाच्या मेळाव्याचा फोटो कुणीतरी टाकला होता, त्यात भाजलेल्या हाताची शिंपीण उभी होती, खाली नाव निर्मला. जुळलं.

"प्रकरण सातमध्ये तिनं हात लावला नाही," सन्मती म्हणाला. "आपण नको म्हटलं म्हणून. पण अर्पणपत्रिकेबद्दल आपण काहीच म्हटलं नव्हतं, आई."

"बंद कर! आधी ते बंद कर!"

त्यानं छपाई थांबवायला टाकली. आणि मग पडद्यावरच्या एका ओळीवर त्यानं बोट ठेवलं. मी विचारलं, काय झालं रे? सिस्टर उठून त्याच्या मागं जाऊन उभ्या राहिल्या.

पुस्तक तयार झालं की वाहिनी वाचक शोधते. हे पुस्तक कोण शेवटपर्यंत वाचेल, ते ती हुडकते. लोक काय काय शोधतात यावरून तिला ते समजतं, आणि अशांना ती पहिली काही पानं फुकट पाठवते. मंजुळा आवटी हे नाव अख्ख्या महाराष्ट्रात एकच माणूस वर्षानुवर्षं शोधत होता. वाहिनीच्या दृष्टीनं याच्याइतका उत्सुक वाचक दुसरा नव्हता. दादासो आवटी. पानं पोचली. पानं उघडली. अर्पणपत्रिका त्यानं पुन्हा पुन्हा वाचली होती, तेसुद्धा तिथं नोंदलेलं होतं, शेजारी एक छोटं हसरं चिन्ह.

सिस्टर रडल्या नाहीत. मेट्रनचा आवाज आला त्यांना. "फोन दे इकडे." नंबर पाठ होता. पलीकडं शिलाई मशीनचा आवाज येत होता, तो थांबला.

"सिस्टर? बऱ्या आहात ना?"

"मंजू, आहे त्या कपड्यानिशी ऊठ. त्याला कळलंय."

मग बारीक आवाजात, "कुणी सांगितलं?"

"आम्हीच," सिस्टर म्हणाल्या. "छापून."

"बरं," मंजुळा म्हणाली. बस्स, एवढंच. मला वाटलं होतं ती ओरडेल, आम्हाला शिव्या घालेल. वर्षानुवर्षं ती याच फोनची वाट बघत बसली होती की काय कोण जाणे.

तो तिकडं धावत सुटणार, म्हणून तिनं इकडं यायचं ठरलं. गुहागरहून मिरजेची गाडी थोड्या वेळानं होती. शेजारीण तिला स्टँडवर नेऊन गाडीत बसवणार. फोनमुळं माग लागेल म्हणून तो तिथंच बंद करून टाकायचा. सन्मतीनं गुहागरच्या पोलिसांना कळवलं, ते लगेच माणूस पाठवतो म्हणाले. मग शेजारणीचा निरोप आला: बसली, गाडी सुटली. तेव्हा कुठं मी श्वास घेतला.

राहिलं ते पान. दुकानांतल्या कपाटांतून, लोकांच्या फोनांतून ते निघायला हवं होतं. सन्मती एकेक दुकान गाठत होता. मी थेट कंपनीला फोन लावला. "नमस्कार, वैदेही बोलतेय," एक गोड मुलगी बोलली, आणि इतका वेळ दाबून ठेवलेलं सगळं माझ्या तोंडून बाहेर पडलं.

"अहो, तुम्हाला काही कळतं का? कुणाच्या जिवाशी खेळताय? ती अर्पणपत्रिका काढा आधी!"

"काढण्याचं कारण सांगाल का, ताई? मजकुरात काही चूक आहे का?"

"चूक? सगळीच चूक आहे! ती बाई गुहागरला नाहीच मुळी आता! जीव मुठीत धरून निघालीय ती, मिरजेच्या एसटीनं. संध्याकाळी आमच्या सिस्टरच्या घरी येऊन पडेल बिचारी. तिच्या नवऱ्याला तुम्ही पत्ता दिलात, लाज वाटत नाही?"

"समजलं, ताई. जुना मजकूर आता चुकीचा ठरतो. लगेच दुरुस्ती करते. तुम्हाला झालेल्या त्रासाबद्दल क्षमस्व."

मी फोन ठेवला. सिस्टरना म्हटलं, मुलगी समजूतदार दिसली, करते म्हणालीय.

सन्मतीनं मान वर केली. "कोण मुलगी?"

"वैदेही. कंपनीतली."

"आई," तो म्हणाला, "तिथं वैदेही नावाचं कुणी नाही. फोनवरही वाहिनीच असते."

तो हे बोलत असतानाच आमच्या तिघांचे फोन वाजले. पूर्वी पुस्तक छापून झाल्यावर चुका सापडल्या की आम्ही शुद्धिपत्राची चिठ्ठी आत चिकटवायचो. वाहिनी शुद्धिपत्र घरपोच देते. ज्यांनी ज्यांनी पुस्तक उघडलं, त्या सगळ्यांना.

"शुद्धिपत्र. अर्पणपत्रिकेत 'गुहागरच्या बाजारात कपडे शिवते' असे छापले गेले. ते असे वाचावे: 'आज गुहागर सोडून मिरजेच्या एसटीने निघाली आहे, आणि संध्याकाळी माझ्या घरी पोचेल.' चुकीबद्दल दिलगीर आहोत."

मी खालीच बसले. मी केलं ते. माझ्या या जिभेनं केलं. सिस्टरनी माझ्या दंडाला धरून मला उभी केली, म्हणाल्या, "रडायचं नंतर. गाडी काढ रे सन्मती." मंजुळाचा फोन बंद. तिला सांगायचा रस्ताच नव्हता, आणि फोनवरून दुसऱ्या कुणाला काही सांगायची आता आमची छाती नव्हती. गाडीला वाटेत गाठायचं, कराडला, एवढंच हातात होतं. सन्मतीनं पुस्तकाची नोंद तेवढ्यात एकदा बघितली आणि पडदा बंद केला. मी विचारलं नाही. शुद्धिपत्र कुणी वाचलं असेल, ते मला कळत होतं.

कराडच्या स्टँडबाहेर सन्मतीनं गाडी लावली. सिस्टर आत डोकावल्या आणि झटकन मागं सरकल्या.

"आहे," त्या म्हणाल्या.

मिरजेच्या गाड्या लागतात त्या फलाटावर एक माणूस उभा होता. पांढरा शर्ट, खांद्यावर पिशवी, दाढी केलेला. कुणाच्याही लग्नात वाढायला उभा राहील असा साधा. गुहागरला जायला निघाला असणार, कराडला गाडी बदलायची, तेवढ्यात शुद्धिपत्र मिळालं. आता तो फोनकडं बघत मिरजेची गाडी यायची वाट पाहत होता. तीच गाडी.

"फलाटाला लागायच्या आधी उतरवायची," सिस्टर म्हणाल्या आणि स्टँडच्या फाटकाच्या अलीकडं, रस्त्याच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. मी हाक मारायला गेले तर सन्मतीनं मला मागं ओढलं. गुहागर–मिरज वळणावर आली. सिस्टरनी हात वर केला. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक दाबला आणि खिडकीतून तोंड बाहेर काढलं.

"ओ आजी, मरायला माझीच गाडी सापडली काय?"

"दार उघड! माझा पेशंट आहे आत!" वॉर्डातला तोच आवाज. ड्रायव्हरनं काही न बोलता कंडक्टरला खूण केली. सिस्टर वर चढल्या आणि तोंडाला स्कार्फ बांधलेल्या एका बाईच्या मनगटाला धरून खाली आल्या. गाडी फाटकातून आत वळली. फलाटावर तो माणूस पिशवी सावरत पुढं झाला, आणि इतरांबरोबर रांगेत चढला.

आम्ही तिला रस्त्यापलीकडं एका बंद दुकानाच्या आडोशाला नेलं. मंजुळानं स्कार्फ सोडला. मी तिला पहिल्यांदाच बघत होते, आणि तिच्याकडं वर बघायची माझी हिंमत होईना. ती सिस्टरच्या गळ्यात पडली, सिस्टरनी तिच्या भाजलेल्या हातावरून आपला हात फिरवला, जखम बरी झालीय का ते बघावं तसा.

"आता माझी एक ओळखीची आहे," मंजुळा म्हणाली, "तिच्याकडं जाते. सिस्टर, ती राहते..."

सिस्टरनी पटकन तिच्या तोंडावर हात ठेवला.

"सांगू नकोस."

"तुम्हालासुद्धा?"

"मलाच सांगू नकोस. मला माहीत असलं की कधीतरी बोलेन, लिहीन. फोन करीन. कुणीतरी ऐकत असेल." त्यांचा आवाज आता फाटला. "फोन करू नकोस. काही पाठवू नकोस. मी मेले असं धर."

मंजुळा नुसती मान हलवत राहिली. स्टँडबाहेर वडापच्या जीपा उभ्या होत्या, चारी दिशांना जाणाऱ्या. "कुठल्या गाडीत बसते ते बघायचं नाही," सिस्टर म्हणाल्या. आम्ही तिघं दुकानाच्या बंद शटरकडं तोंड करून उभे राहिलो. मागं गाड्यांचे दरवाजे वाजत होते, पोरं गावांची नावं घेऊन ओरडत होती. सिस्टरनी कानांवर हात घट्ट दाबून धरले होते. बराच वेळ गेल्यावर मी मागं बघितलं. ती नव्हती.

पुस्तक आम्ही मागं घेतलं. कोनाडा बंद आहे. दादासो त्या संध्याकाळी सिस्टरच्या दारात आला, पोलिसांनी त्याला नेलं आणि काही दिवसांनी सोडलं, कारण दारात उभं राहणं हा काही गुन्हा नाही. हल्ली तो येत नाही. एवढी वर्षं न चुकता येणारा माणूस येत नाही.

"कंटाळला असेल," मी सिस्टरना म्हणते.

"हो," त्या म्हणतात. "किंवा ती सापडली असेल." आणि आम्हा दोघींनाही ते कळायचा मार्ग नाही. तो आम्हीच बंद केलाय.